विद्यामंदिरांचा वीजहिशेब

पाच जूनचा पर्यावरण दिन आमच्या शाळा-महाविद्यालयांतून आता गुरुपौर्णिमेइतक्याच नियमाने साजरा होतो. रोपे लावली जातात, फलक रंगवले जातात, एखाद्या पाहुण्याचे भाषण होते आणि पृथ्वीचे तापमान वाढत असल्याबद्दल सर्वांच्या वतीने चिंता व्यक्त केली जाते. या कार्यक्रमांची थट्टा करावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. कोवळ्या मनांवर त्यांचा काही ना काही संस्कार होतच असतो. परंतु ज्या सभागृहात हे भाषण चालते तेथील दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे वर्षाकाठी किती युनिट वीज घेतात, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने उभे राहून विचारलाच, तर त्याचे उत्तर किती मुख्याध्यापकांना व प्राचार्यांना देता येईल? बिल येते, कारकून ते भरतो, पावती फायलीत जाते आणि विषय तेथेच संपतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या विद्यामंदिरांना लागू पडू नये असे ज्यांना वाटते त्यांनी या फायलीवरची धूळ एकदा झटकली पाहिजे.

वीज ही डोळ्यांना स्वच्छ दिसणारी वस्तू आहे. तिला धूर नाही, वास नाही, काजळी नाही. हा धूर आपल्याला दिसत नाही याचे कारण एवढेच, की तो आपल्या दारात निघत नाही. गोव्याचे स्वतःचे असे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली वीज बव्हंशी केंद्रीय प्रकल्पांतून येते, आणि छत्तीसगडमधील कोरबा व तेलंगणातील रामगुंडम या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांचा त्यात मोठा वाटा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे देशाच्या वीजजाळ्यातून घेतलेल्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत सोडला जातो. म्हणजे पणजी, मडगाव वा म्हापशाच्या एखाद्या महाविद्यालयात रिकाम्या वर्गात पंखा फिरत राहिला, तर त्याची राख कोरब्याच्या परिसरातील खेडुतांच्या वाट्याला येते. मुरगाव बंदरातून होणाऱ्या कोळशाच्या वाहतुकीविरुद्ध वास्कोकर वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. कोळशाची भुकटी अंगणात पडल्यावर काय वाटते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कोरब्याच्या रहिवाशांचे दुःख समजावून सांगण्याची गरज नसावी.

आणि हे सगळे दूरच्या प्रांतातच घडते असेही नाही. छत्तीसगडमधील तमनारशी नाव जोडलेला उच्चदाब वीजवाहिनीचा प्रकल्प आपल्या मोले येथील अभयारण्याच्या उंबरठ्यावर आला, तेव्हा २०२० साली गोव्यातील तरुण पिढी मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाच्या मध्यवर्ती अधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात नव्या जंगलपट्टीऐवजी जुन्याच वाहिनीचा मार्ग वापरण्याची शिफारस होती. त्या लढ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा सहभाग ठळक होता आणि त्याचे आम्हांस कौतुकच आहे. मात्र विजेची मागणी वर्षागणिक वाढत राहिली, तर ती आणण्यासाठी आज ना उद्या नव्या तारा ओढाव्याच लागतील, आणि त्या डोंगरातून व रानातूनच येतील. मोलेच्या झाडांसाठी घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाच्या वीजबिलाकडेही त्याच नजरेने पाहावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

येथे एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जगाच्या प्रदूषणात भारताचा दरडोई वाटा अत्यल्प आहे. अमेरिकेतील माणूस सरासरीने आपल्या कितीतरी पट अधिक कर्बवायू हवेत सोडतो. मग एका चिमुकल्या राज्यातील शाळेने चार पंखे बंद केले म्हणून काय मोठे साधणार? न्यायाच्या दृष्टीने हा आक्षेप खरा आहे. ज्यांनी दोन शतके कोळसा जाळून वैभव मिळवले त्यांनी अधिक भार उचलावा, ही भारताची भूमिका आम्हांस मान्य आहे. परंतु २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द जगाला दिला आहे. आज पहिलीत बसलेला मुलगा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला असेल. देशाने दिलेला शब्द पाळण्याचे काम ज्या पिढीच्या शिरावर पडणार, तिला त्याचे शिक्षण शाळेतच मिळावयास हवे. शिवाय समुद्र चढू लागला तर बुडणारी पहिली जमीन आमच्या खाजनांची आहे. तेथे दरडोई वाट्याचा हिशेब भरतीला थोपवणार नाही.

वीजबचतीच्या आणि सौरऊर्जेच्या कामाला शाळेइतकी योग्य वास्तू दुसरी क्वचितच सापडेल. घरातली वीज मुख्यतः संध्याकाळी व रात्री लागते, आणि तेव्हा सूर्य मावळलेला असतो. शाळा मात्र सकाळी भरते आणि दुपारी सुटते. महाविद्यालय फार तर सायंकाळपर्यंत चालते. ज्या वेळी छपरावर ऊन असते नेमक्या त्याच वेळी छपराखाली विजेची गरज असते. साठवणुकीसाठी महागड्या बॅटऱ्यांची आवश्यकता नाही. देवाने आणि घड्याळाने जुळवून दिलेला हा योग आहे. तो साधला जात नसेल, तर दोष उन्हाचा नव्हे.

परंतु या कामात क्रम महत्त्वाचा आहे, आणि नेमकी येथेच गफलत होते. सौर पॅनेल दिसते, त्याचे उद्घाटन करता येते, त्याच्यापुढे छायाचित्र काढता येते. जुना चोक काढून टाकला तर त्याचे उद्घाटन कोण करणार? म्हणून पॅनेल आधी बसतात आणि विजेची गळती तशीच राहते. गळका रांजण न बुजवता विहिरीवर मोठा पंप बसवण्यासारखेच हे आहे. एक साधा हिशेब मांडून पाहू. चाळीस वर्गखोल्यांची शाळा धरा. प्रत्येक खोलीत चार पंखे व चार ट्यूबलाइट. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, जुन्या चोकाची ट्यूब सुमारे ५२ वॅट. पंखे वर्षाला १,२०० तास आणि दिवे १,००० तास चालले, तर दोहोंचा मिळून वार्षिक खर्च २२,७२० युनिट होतो. आता बाजारात मिळणारा नव्या पद्धतीच्या मोटरीचा पंखा सुमारे ३० वॅटवर तेवढाच वारा देतो आणि एलईडी ट्यूब २० वॅटवर तेवढाच उजेड. ही अदलाबदल केली की तोच खर्च ८,९६० युनिटांवर येतो. वाचले १३,७६० युनिट, म्हणजे वर्षाला साडेनऊ टनांहून अधिक कर्बवायू. आमच्या भागात एक किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतात असे धरले, तर पहिल्या स्थितीत १६ किलोवॅटचा संच लागला असता. दुसऱ्या स्थितीत साडेसहा किलोवॅटचा पुरतो. आधी काटकसर आणि मग कमाई, हा आमच्या आजीच्या संसाराचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

हिशेब प्रामाणिकपणे करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एलईडी ट्यूबचा खर्च शाळेतही लवकर फिटतो. पंख्याचे तसे नाही. शाळेचे दिवस मोजके, तास मोजके. चांगला चालणारा पंखा मोडीत काढून नवा आणला, तर केवळ बिलातील बचतीतून त्याची किंमत वसूल व्हायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा, की जळालेला पंखा पुन्हा वायंडिंग करून लावू नये. त्याच्या जागी नवा आणावा. जेथे पंखे दिवसाला बारा-चौदा तास फिरतात, त्या वसतिगृहांत, कार्यालयांत व ग्रंथालयांत बदल आधी करावा. वर्गांची पाळी नंतर. प्रत्येक वस्तूचा खप वॅटवर नव्हे, वॅट आणि तास यांच्या गुणाकारावर ठरतो, हे सातवीच्या मुलालाही समजते. खरेदीसमितीला ते समजावे, एवढीच अपेक्षा.

वातानुकूलन यंत्रांबाबत तर विशेष सावध राहावयास हवे. एके काळी प्राचार्यांच्या कक्षातही नसलेले हे यंत्र आता संगणककक्ष, सभागृह, कार्यालय आणि काही खाजगी शाळांच्या वर्गांतही येऊन बसले आहे. यंत्राचा आकडा २४ अंशांवर ठेवून वर मंद पंखा लावला, तर अंगाला गारवा तेवढाच मिळतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे एकेका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे यंत्रातील वायू. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू एक किलो जरी गळाला, तरी हवामानावर त्याचा परिणाम सुमारे १,८०० किलो कर्बवायूइतका होतो. वर्षातून एकदा वायू भरून घ्यावा लागतो, ही तक्रार ज्या संस्थेत ऐकू येते, तेथे केवळ दुरुस्तीचा खर्च होत नसतो.

मुळात आमच्या वास्तू अशा तापू का लागल्या, याचाही विचार व्हावा. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर, पुढे ओसरी आणि समोरासमोर खिडक्या अशा जुन्या शाळांतून वैशाखातही मुले बसत होती. आता काँक्रीटचा सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि वरच्या मजल्यावरचा वर्ग दुपारी भट्टी होतो. नव्या इमारतीला परवानगी देताना छज्जे, वाऱ्याची दिशा आणि छपराचा उष्णतारोध या गोष्टी पाहिल्या गेल्या पाहिजेत. जुन्या इमारतींच्या स्लॅबवर पॅनेल उभारले, तर त्यांच्या सावलीने खालचा मजला काहीसा निवतो, हा दुहेरी लाभ. मात्र जुन्या कौलारू छपरांवर पॅनेल चढवण्यापूर्वी वाशांची ताकद जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. आणि पॅनेलवर सावली पडते म्हणून आवारातले आंबे-फणस तोडण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली, तर ती तेथेच मोडून काढावी.

किनारपट्टीच्या हवेत सौरसंच चालेल काय, अशी शंका काढली जाते. आषाढ-श्रावणात उत्पादन बरेच घटते हे खरे. पण त्याच दिवसांत पंखेही कमी लागतात. मार्च ते मे हे कडक उन्हाचे महिने. त्यांत शाळेला सुटी असली, तरी नेट मीटरिंगच्या व्यवस्थेमुळे जास्तीची वीज जाळ्यात जाते आणि संस्थेच्या खाती जमा होते. खरी काळजी वेगळ्या गोष्टींची घेतली पाहिजे. खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड पाच-सहा वर्षांत खाऊन टाकले जाते. आधाराचा सांगाडा उत्तम जस्तलेपित वा अॅल्युमिनियमचा नसेल, तर पंचवीस वर्षे टिकणारी पॅनेल गंजक्या खांबांवर उभी राहतील. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने पत्रे आणि झाडे यांची काय दशा केली हे आपण पाहिले आहे. सांगाडा तेवढ्या वाऱ्याच्या हिशेबानेच बांधावयास हवा. आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. साधा सौरसंच वीजजाळ्याशी जोडलेला असतो. जाळ्यातील वीज गेली की तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तोही आपोआप बंद पडतो. पॅनेल बसवली म्हणजे वीज जाण्याचा त्रास संपला, असे समजून चालणाऱ्या संस्था पुढे निराश होतात. प्रयोगशाळा वा संगणककक्ष चालू राहावा असे वाटत असेल, तर तेवढ्यापुरती बॅटरीची सोय निराळी करावी लागते, आणि ते निविदा काढण्यापूर्वी ठरवावे लागते.

परदेशांतील मोठ्या विद्यापीठांनी हे काम कसे केले, हे पाहणे उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात मन्सी या गावी बॉल स्टेट हे सरकारी विद्यापीठ आहे. तेथील हिवाळा कडाक्याचा, आणि इमारती उबदार ठेवण्यासाठी विद्यापीठ स्वतःच्या बॉयलरांत कोळसा जाळीत असे. हे बॉयलर जुने झाले, तेव्हा २००९ साली विद्यापीठाने दुसरी वाट धरली. आवारात हजारो खोल छिद्रे घेऊन, जमिनीच्या पोटातील स्थिर तापमानाचा उपयोग हिवाळ्यात ऊब व उन्हाळ्यात गारवा मिळवण्यासाठी करण्याचे काम हाती घेतले, आणि २०१४ मध्ये तेथील कोळशाची भट्टी कायमची विझली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाने तर एक मोठी विसंगती हेरली. एकाच दिवशी काही इमारती थंड करण्यासाठी त्यांतील उष्णता बाहेर फेकली जात होती, आणि दुसऱ्या इमारतींना ऊब देण्यासाठी वायू जाळला जात होता. २०१५ साली त्यांनी १९८७ पासूनचे वायूवरील केंद्र बंद केले आणि फेकली जाणारी उष्णता गोळा करून ती लागेल तेथे पोचवण्याची यंत्रणा उभारली. आमच्याकडे बर्फ पडत नाही आणि आमच्याकडे त्यांचा पैसाही नाही. परंतु दोन्ही उदाहरणांतील तत्त्व आमच्या कामाचे आहे: जुने यंत्र बदलण्याची वेळ येते तीच विचार करण्याची वेळ होय, आणि उपाय शोधण्यापूर्वी ऊर्जा कोठे वाया जाते ते मोजले पाहिजे.

तेथील एक धडा सावधगिरीचाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली अशी घोषणा केली होती, की २०२५ पर्यंत आपल्या वास्तूंचे व वाहनांचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू. अशी घोषणा पुरी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या कोणी कोठेतरी लावलेल्या झाडांचे वा केलेल्या बचतीचे श्रेय पैसे देऊन विकत घेणे. अशा श्रेयांच्या खरेपणाविषयी त्या विद्यापीठातच शंका उठल्या आणि पुढे धोरण बदलून प्रत्यक्ष उत्सर्जन २०४५ पर्यंत ९० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मुदत लांबली, पण हिशेब खरा झाला. आमच्याकडेही शंभर रोपे लावून शाळा कर्बमुक्त झाल्याचे फलक झळकू लागण्यापूर्वी हा धडा ध्यानी घ्यावा. रोप जगले तर कर्बवायू शोषील, तोही कित्येक वर्षांत. वीजमीटर मात्र आजच फिरत आहे.

विजेखेरीज अन्य बाबींचा उल्लेख थोडक्यात करू. वसतिगृहांत आंघोळीच्या पाण्यासाठी विजेचे गीझर असतील, तर तेथे सौरबंब बसवणे हे सर्वांत जुने व सर्वांत सोपे काम आहे. डिझेल जनित्राचे तास नोंदवले जावेत. आणि महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर दुचाक्यांच्या ज्या रांगा दिसतात, त्यांचे मूळ विद्यार्थ्यांच्या हौसेपेक्षा बसच्या वेळापत्रकात अधिक आहे. कदंब महामंडळ आणि महाविद्यालये यांनी तासांच्या वेळा व बसच्या वेळा एकत्र बसून जुळवल्या, तर पेट्रोलही वाचेल आणि पालकांचा जीवही टांगणीला लागणार नाही.

आता प्रश्न पैशाचा. गोव्यातील बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या आहेत. त्या सरकारी अनुदानावर चालतात आणि त्यांच्या गंगाजळीत फारसे काही नसते. केंद्र सरकारच्या छपरावरील सौरयोजनेतील अर्थसाहाय्य २०१९ पासून घरगुती ग्राहकांपुरते ठेवण्यात आले, आणि २०२४ ची सूर्यघर योजनाही घरांसाठीच आहे. घरांना मदत व्हावी याबद्दल आमची तक्रार नाही; पण ज्या वास्तूचा उपयोग दिवसा, म्हणजे नेमका उन्हाच्या वेळी होतो, ती या मदतीबाहेर राहावी, हे शहाणपणाचे धोरण नव्हे. केंद्राकडून ते बदलेल तेव्हा बदलो; राज्य सरकारने अनुदानित शाळांना या कामासाठी बिनव्याजी कर्ज द्यावे आणि त्याची फेड बिलातील बचतीतून करून घ्यावी. जेथे कंपनी स्वखर्चाने संच बसवून ठरलेल्या दराने वीज विकते, तेथे कराराचा मसुदा सरकारने तयार करून द्यावा. गावच्या शाळेच्या व्यवस्थापकाला पंचवीस वर्षांच्या करारातील खाचाखोचा कळाव्यात, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अनुदानाच्या नियमांची. ज्या संस्थेचे वीजबिल अनुदानातून भागते, तिने वीज वाचवली की तेवढे अनुदान कमी होणार असेल, तर ती कशासाठी वाचवील? वाचलेल्या रकमेचा निदान निम्मा भाग काही वर्षे संस्थेकडेच राहील, तो ग्रंथालयावर वा प्रयोगशाळेवर खर्च करता येईल, असा नियम झाला, तर उपदेशाची गरज उरणार नाही. तसेच संच बसवण्याच्या निविदेतच किमान पाच वर्षांच्या देखभालीची अट असावी. धूळ आणि शेवाळ साचलेली पॅनेल व बंद पडलेला इन्व्हर्टर हे दृश्य सरकारी इमारतींवर परके नाही. यंत्र बसवणारा निघून जातो आणि ते कोणाच्या ताब्यात आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

या सर्वांची सुरुवात मात्र एका पैशाच्याही खर्चाशिवाय होऊ शकते. प्रत्येक संस्थेने मागील तीन वर्षांची वीजबिले काढावीत, त्यांतील युनिट महिनावार मांडावेत आणि तो तक्ता सूचनाफलकावर लावावा. हे काम विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे. कोणत्या खोलीत किती पंखे, ते किती तास चालतात, रविवारी मीटर का फिरतो, पंपाची मोटर रात्रभर का चालू राहिली, याचा शोध मुलांना घेऊ द्यावा. पर्यावरणाच्या पुस्तकातील दहा धड्यांनी जे साधणार नाही ते या एका तक्त्याने साधेल. विद्यापीठाने व शिक्षण खात्याने असे तक्ते वर्षाअखेर एकत्र करून प्रसिद्ध करावेत. कोणाची नाचक्की करण्याचा हेतू त्यात नसावा. पण सारख्याच विद्यार्थिसंख्येच्या दोन शाळांपैकी एक दुप्पट वीज का घेते, हे त्या शाळेच्या पालकांना कळण्याचा हक्क आहे.

१९६१ नंतर गोव्यात शिक्षणाची जी गंगा वाहिली, ती आपोआप आली नाही. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. पुढे गावोगावच्या लोकांनी वर्गण्या काढून, जमिनी देऊन, प्रसंगी देवळाच्या मंडपात वर्ग भरवून विद्यालये उभी केली. त्या पिढीकडे साधने थोडी होती. पण मुलांच्या भविष्यासाठी आज झीज सोसायची असते हे तिला पक्के ठाऊक होते. त्या संस्थांची सूत्रे आज ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्यापुढचे काम त्या मानाने सोपे आहे. ज्ञान उपलब्ध आहे, साधने बाजारात आहेत, आणि ऊन तर आमच्या भूमीला कधी कमी पडलेले नाही. पुढचे शालेय वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाने आपल्या एका बैठकीत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा आणि जुन्या बिलांची फाइल टेबलावर मागवावी, एवढेच आमचे आजचे सांगणे आहे.